गोष्ट एकट्याची, खेळ चौघांचा

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याकडे अजूनही दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे बंदुकांचा धडाधड आवाज आणि टीव्हीसमोर वाकून बसलेला मुलगा. दुसरं म्हणजे लोकलमध्ये मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवत चाललेले प्रवासी. आज मला बोलायचं आहे ते तिसऱ्याच एका प्रकाराबद्दल. त्याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण सोयीसाठी भूमिका-खेळ म्हणू. पन्नास, साठ, कधी शंभर तास चालणारी ही एक लांबलचक कादंबरीच असते. फरक इतकाच, की नायक तुम्ही असता. समोरच्या पात्रानं काही विचारलं की पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक तुम्ही निवडता आणि पुढची गोष्ट त्या उत्तरावर बेतली जाते.

मी व्यवसायानं संगणकाच्या प्रणाली लिहिणारा माणूस, आणि हे खेळ गेली पंचवीस-एक वर्षं आवडीनं खेळतो आहे. या जगात एक वाद पुन्हा पुन्हा उकरला जातो : एकट्यानं खेळायच्या अशा गोष्टीत आणखी खेळाडूंना आत घ्यावं की नाही? वरवर पाहता हा पोरांच्या खेळातला वाद वाटेल. पण त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न आहे. गोष्ट एकट्यानं वाचायची की चौघांत बसून ऐकायची? आणि चौघांत ऐकली तर ती तीच गोष्ट राहते का?

आधी थोडा इतिहास. हे खेळ जन्माला आले ते एकट्यासाठी नव्हेच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात संगणक नव्हता. टेबलाभोवती चार-पाच मित्र, कागद, पेन्सिली आणि फासे, एवढंच साहित्य. त्यांतला एक जण गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर व्हायचे. गोष्ट सांगणाऱ्याला आपल्या नाटकातला ‘सूत्रधार’ हा शब्द चपखल बसतो. खेळाडूंनी भलतंच काही केलं, तरी सूत्रधार जागच्या जागी गोष्टीला नवं वळण द्यायचा.

पुढे घरोघर संगणक आले. संगणकानं सूत्रधाराची जागा घेतली. पण त्याला कळफलक एक आणि पडदा एक. त्यामुळे टेबलाभोवतीचे मित्र उठून गेले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर लेखकांनी पात्रं बसवली. ही पात्रं तुमच्याबरोबर प्रवास करतात, कुरकुर करतात, तुमच्या एखाद्या निर्णयावर रुसतात, प्रसंगी सोडूनही जातात. या लिहिलेल्या सोबत्यांमधूनच या खेळांना साहित्याची चव आली. त्यामुळे ‘अनेक खेळाडूंची सोय करा’ ही मागणी म्हणजे काही आधुनिक खूळ नाही. उठून गेलेले मित्र परत येऊ पाहत आहेत, एवढंच. पंचाईत अशी, की त्यांच्या खुर्च्या आता भरलेल्या आहेत.

एकट्याच्या खेळाची ताकद कशात असते, हे एका उदाहरणानं सांगतो. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीचा ‘मास इफेक्ट’ हा खेळ २००७ मध्ये आला. अंतराळातली गोष्ट, आणि कमांडर शेपर्ड हा नायक. तुम्ही ठरवाल तर नायिका. गोष्टीत व्हर्मायर नावाच्या ग्रहावर एक प्रसंग येतो. तुमचे दोन सहकारी दोन ठिकाणी अडकलेले असतात आणि वेळ इतकाच हातात असतो, की एकालाच वाचवता येईल. दोघांशीही तुम्ही अनेक तास बोललेले असता. तिसरा पर्याय खेळात ठेवलेलाच नाही. एकाचं नाव निवडायचं आणि पुढे चालायचं.

हा प्रसंग रात्री अकरा वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना एकट्यानं खेळून पाहा. निवड तुमची, आणि तिचं ओझंही तुमचंच. आता कल्पना करा, की तुमच्यासोबत आणखी तीन मित्र कानाला हेडफोन लावून बसले आहेत. एक म्हणतो, ‘तिला वाचव, तिची बंदूक चांगली आहे.’ दुसरा म्हणतो, ‘लवकर आटप, मला सकाळी ऑफिस आहे.’ शेवटी हात वर करून मत घेतलं जातं आणि ठराव एकाविरुद्ध तीन मतांनी संमत होतो. म्हणजे निवड झाली, पण ती कोणीच केली नाही. सोसायटीच्या सभेत जबाबदारी जशी सगळ्यांची म्हणून कोणाचीच उरत नाही, तसंच हे.

याशिवाय तांत्रिक अडचणी असतात, त्याही समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली अडचण काळाची. एकटा खेळणारा माणूस लढाई मध्येच थांबवून विचार करू शकतो, चहा करून येऊ शकतो. चौघांत एकानं थांबवलं की चौघं थांबतात. दुसरी संभाषणाची. कोणी शब्दन् शब्द वाचतो, कोणी भराभर पुढे ढकलतो. बसमध्ये शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावून वाचताना तो पान उलटून टाकतो तेव्हा जे होतं, ते इथे दर पाच मिनिटांनी होतं. तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे. खेळाच्या पोटात एक भलीमोठी वही असते. कोण मेलं, कोण वाचलं, कोणतं दार उघडलं, कोणाला दिलेला शब्द मोडला, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. एकट्याच्या खेळात ती वही एकाचीच. चौघं आले की वही कोणाची? उद्या एक जण आलाच नाही, तर त्यानं केलेल्या नोंदींचं काय करायचं?

याच बायोवेअरनं १९९८ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ काढला, तेव्हा या प्रश्नांना त्यांनी अगदी व्यवहारी उत्तरं दिली. सहा जणांपर्यंत एकत्र खेळायची सोय होती. वही एकाच्या संगणकावर. गोष्टीतला मूळ नायक एकच, बाकीचे त्याचे सोबती. कोणी खेळ थांबवायचा, कोणी लोकांशी बोलायचं, कोणी सामायिक थैलीतले पैसे खर्च करायचे, याच्या परवानग्या म्होरक्यानं द्यायच्या. थोडक्यात एकत्र कुटुंब, आणि किल्ल्या कर्त्याच्या कमरेला. पुढे २००२ मध्ये त्यांच्याच ‘नेव्हरविंटर नाइट्स’नं आणखी धाडस केलं. गोष्टी रचायची हत्यारंच त्यांनी खेळाडूंच्या हाती दिली आणि सूत्रधाराची खुर्चीही पुन्हा माणसाला दिली. लोकांनी आपापली गावं उभारली, आपापल्या कथा लिहिल्या आणि त्यांत वर्षानुवर्षं मुक्काम केला. कंपनीनं दिलेल्या गोष्टीपेक्षा लोकांनी रचलेल्या गोष्टी सरस आहेत, असं म्हणणारे पुष्कळ निघाले.

इथवर सगळं प्रेमानं चाललं होतं. मग पैशाचा हिशेब आला.

२०१०च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांच्या डोळ्यांत एक गोष्ट सलत होती : जुन्या डिस्क. आपण जुन्या पुस्तकांच्या दुकानात पुस्तक विकतो, तशी लोक गोष्ट संपली की डिस्क विकून टाकत. दुसरा माणूस ती स्वस्तात घेई आणि त्यातला एक पैसाही कंपनीला मिळत नसे. एकट्याची गोष्ट एकदा संपली की संपली. पण अनेकांचा खेळ कधी संपत नाही. तो रोज खेळता येतो, म्हणून माणूस डिस्क विकत नाही. शिवाय त्यात अधूनमधून लहानसहान वस्तूही विकता येतात. बायोवेअर ज्यांच्या मालकीची झाली होती, त्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला. नव्या डिस्कसोबत एक सांकेतिक क्रमांक मिळायचा. जुनी डिस्क घेणाऱ्याला तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. लोकांची नाराजी इतकी झाली, की २०१३ मध्ये कंपनीनं ती पद्धत बंद केली. पण तोवर ‘गोष्टीच्या खेळाला अनेकांचा विभाग जोडा’ हा विचार चांगलाच रुजला होता.

त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे मार्च २०१२ मध्ये आलेला ‘मास इफेक्ट ३’. शेपर्डच्या कथेचा हा तिसरा भाग. पहिल्या खेळात केलेल्या निवडी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातल्या तिसऱ्यात नेता येत होत्या. लोकांनी पाच वर्षं जपलेली वही घेऊन शेवटच्या भागात पाऊल टाकलं होतं. गोष्टीत अंतिम युद्धासाठी सगळ्या जमातींचं सैन्य गोळा करायचं होतं आणि त्याची बेरीज आकड्यात दिसायची. पण त्या बेरजेला आणखी एका आकड्यानं गुणलं जाई : ‘सज्जता’. ती सुरुवातीला ५० टक्के. म्हणजे तुम्ही सात हजार जमवलेत, तर प्रत्यक्षात मोजायचे साडेतीन हजारच. सज्जता वाढवायची तर नव्यानं जोडलेल्या विभागात इंटरनेटवरून चौघांनी मिळून लढाया खेळायच्या, किंवा मोबाइलवरचे जोडखेळ खेळायचे. खेळणं थांबवलं की ती सज्जता दिवसागणिक पुन्हा उतरत जाई.

शेवटचं एक छोटंसं, काही सेकंदांचं दृश्य सर्वांत मोठ्या आकड्यासाठी राखून ठेवलं होतं. ज्यानं फक्त गोष्ट खेळली, त्याला त्या आकड्यापर्यंत पोचणं सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ अशक्य होतं. शंभराहून अधिक तास एकट्यानं वाचलेल्या कादंबरीचं शेवटचं पान हवं असेल, तर आधी पटांगणात जाऊन कबड्डीचे दहा सामने खेळून या, असा हा प्रकार झाला.

न्याय्य बोलायचं तर तो चौघांचा विभाग वाईट नव्हता. उलट, चांगलाच रंगतदार होता. ज्यांना गोष्टीशी घेणंदेणं नव्हतं, असेही कितीतरी लोक तो पुढे वर्षानुवर्षं खेळले. दुखणं त्या विभागाचं नव्हतं, त्या गुणाकाराचं होतं. जून २०१२ मध्ये कंपनीनं विनामूल्य वाढीव शेवट दिला आणि लागणारे आकडेही खाली आणले. २०२१ मध्ये तिन्ही खेळांची नवी एकत्रित आवृत्ती आली, तेव्हा तो विभाग आणि तो गुणाकार दोन्ही त्यात नव्हते. गोष्टीचं त्यावाचून काही अडलं नाही. एखादा खांब काढल्यावर छप्पर जागेवरच राहिलं, तर त्या खांबावर भार नव्हता, एवढं कळतं.

दुसरं उदाहरण आणखी वेगळं आहे. बेथेस्डा या कंपनीचा ‘फॉलआउट’ हा अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेचा कथाक्रम. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी ‘फॉलआउट ७६’ आणला, आणि तो संपूर्णपणे अनेकांचा. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, पडकी गावं, सगळं होतं. पण लिहिलेली माणसं काढून टाकलेली होती. जगात भेटणारा प्रत्येक माणूस खराखुरा खेळाडू असावा, ही कल्पना. गोष्ट उरली ती मेलेल्यांच्या ध्वनिफितींत, चिठ्ठ्यांत आणि यंत्रमानवांच्या तोंडी. खऱ्या माणसांनी भरलेलं जग त्यामुळे जिवंत वाटायला हवं होतं. लोकांना ते ओसाड वाटलं. कारण रस्त्यात भेटलेला खेळाडू काही तुम्हाला आपल्या हरवलेल्या भावाची गोष्ट सांगत नाही. तो हात हलवतो आणि उड्या मारत निघून जातो. अखेर एप्रिल २०२० मध्ये कंपनीनं लिहिलेली माणसं परत आणली आणि त्या जगात पुन्हा बोलणं-चालणं सुरू झालं.

मग ही दोन टोकं सांधताच येत नाहीत का? येतात. दोन वाटा मला मोलाच्या वाटतात.

पहिली वाट जपानची. हिदेताका मियाझाकी या दिग्दर्शकानं २००९ मध्ये ‘डीमन्स सोल्स’ केला. एका चढावर बर्फात अडकलेल्या गाड्या मागच्या गाड्यांनी ढकलत ढकलत वर नेल्या आणि थांबून आभार मानायची सोय नव्हती, या अनुभवातून आपल्याला कल्पना सुचली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. त्यांच्या खेळात तुम्ही एकटेच असता. पण जमिनीवर इतरांनी लिहून ठेवलेल्या सूचना दिसतात : पुढे धोका आहे, इथे खजिना आहे. वाक्यं ठरावीक शब्दांतूनच जुळवायची, त्यामुळे गप्पांचा गोंगाट नाही. एखाद्या ठिकाणी दुसरा खेळाडू कसा मेला, हे त्याच्या सावलीवरून दिसतं. घाटातल्या वाटेवर आधी गेलेल्यांनी दगडावर दगड रचून खूण ठेवावी, तशी ही सोबत. ती तुमची गोष्ट हिसकावून घेत नाही.

दुसरी वाट बेल्जियमची. तिथल्या लॅरियन या कंपनीनं २०१४ मध्ये ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ केला, तो पहिल्यापासून दोन नायक धरूनच. दोघांचं एखाद्या प्रश्नावर पटलं नाही तर काय करायचं? तर चक्क दगड-कागद-कात्री! वाद झाला की खेळ तिथेच डाव मांडतो आणि जो जिंकेल त्याचं म्हणणं चालतं. मतभेद ही अडचण न मानता त्यांनी मतभेदाचाच खेळ केला. याच कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ पूर्ण केला. चौघांपर्यंत एकत्र खेळता येतो. लढाई पाळीपाळीनं होते, त्यामुळे थांबवण्याचा प्रश्नच उरत नाही. एक जण कोणाशी बोलत असेल, तर बाकीच्यांनी जवळ येऊन ऐकावं, आपलं मत दाखवावं, नाहीतर खुशाल बाजार हिंडावा. आणि लिहिलेले सोबती प्रत्येक खेळाडूबद्दल आपापलं वेगळं मत बाळगतात. एकावर खूश, दुसऱ्यावर नाराज.

माझा पुतण्या हा खेळ दोन मित्रांबरोबर खेळतो. तो पुण्यात, एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीत. म्हणून त्यांची वेळ ठरलेली : रविवारी सकाळी इकडचा नाश्ता, तिकडची शनिवारची रात्र. खेळाच्या सुरुवातीला एका वस्तीत चोरी करताना पकडली गेलेली एक लहान मुलगी असते आणि तिच्यावर विषारी साप रोखलेला असतो. न्यू जर्सीचा मित्र उत्साहानं एकटाच बोलायला गेला, तोडून बोलला आणि मुलगी मेली. बाकी दोघं तेव्हा दुकानात बाण विकत घेत होते. नंतर या तिघांत अर्धा तास वाद झाला : मागे जाऊन पुन्हा खेळायचं, की झालं ते झालं म्हणायचं? शेवटी त्यांनी मागे जायचं नाही असं ठरवलं. गंमत अशी, की आता तो मित्र पुढच्या प्रत्येक मुलाशी फार जपून बोलतो, आणि इतर दोघं त्याला एकट्याला कुठे पाठवत नाहीत. हे एकट्याच्या खेळात घडलं नसतं. तिथे चूक आपली आणि पश्चात्तापही आपलाच. इथे तिघांना मित्राची चूक सोबत घेऊन चालावं लागलं. ही वेगळी गोष्ट झाली, पण ही गोष्टच आहे.

म्हणजे भेद एकटा की अनेक, हा नाहीच. जोते बांधतानाच चार खोल्या आखल्या असतील, तर घरात चौघं सुखानं राहतात. एका खोलीच्या घरावर नंतर पत्र्याचा मजला चढवला, की खालचा माणूस आणि वरचा माणूस दोघंही वैतागतात. आणि एकट्याची गोष्ट विकली जात नाही, या समजुतीतही फार दम नाही. पोलंडमध्ये घडलेल्या ‘द विचर ३’ या २०१५च्या खेळात अनेकांचा विभाग मुळीच नाही. २०२३ सालापर्यंत त्याच्या पाच कोटींवर प्रती विकल्या गेल्या. उलट बायोवेअरच्याच ‘ड्रॅगन एज’ मालिकेचा चौथा भाग मधली काही वर्षं अनेकांच्या खेळासारखा आखला जात होता. मग तो मोडून पुन्हा एकट्यासाठी बांधला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बाहेर आला. मधल्या वर्षांची मेहनत गेली ती गेलीच.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अनेकांचा खेळ बहुतेक वेळा कंपनीच्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर अवलंबून असतो. तो सर्व्हर बंद केला की तो खेळ जगातूनच जातो. ‘डीमन्स सोल्स’चे मूळ सर्व्हर फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले; जमिनीवरच्या त्या सगळ्या सूचना पुसल्या गेल्या. पण तिथे गोष्ट एकट्याला खेळता येत होती, म्हणून ती उरली. बायोवेअरचा २०१९चा ‘अँथम’ इंटरनेटशिवाय उघडतच नव्हता. त्याच्या सर्व्हरसाठी कंपनीनं १२ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख जाहीर केली. त्यासाठी पैसे मोजलेल्यांच्या कपाटात त्यानंतर उरते ती नुसती डिस्क. याउलट १९९८चा ‘बाल्डर्स गेट’ दोन मित्र आपापले संगणक जोडून खेळू शकत. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ची खेळाडूंना जोडून देणारी मूळ सेवा बंद पडल्यावरही लोकांनी आपले घरचे सर्व्हर चालू ठेवले आणि ती गावं नांदती राहिली.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. सोबत द्यायची तर गोष्ट लिहायला बसतानाच द्या. एकट्यानं खेळणाऱ्याचा शेवट सोबतीच्या अटीला बांधू नका. आणि कंपनीनं दुकान आवरलं, तरी लोकांना आपल्या घरी तो खेळ मांडता येईल एवढी सोय ठेवा.

तुमच्या घरात कोणी मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर ‘किती वेळ खेळतोस?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘गोष्ट कुठवर आली? तू कोणाला वाचवलंस? आणि का?’ हेही विचारा. कदाचित उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ शेजारी बसून राहा.